एका मरळीपुरते यंत्र

मनुष्य ज्या नियमांनी स्वतःचे आयुष्य बांधून घेतो, ते नियम त्याच्यापुरते पवित्र असतात. परंतु त्याच्या दारी एखादा भुकेला आला, आणि त्याची भूक त्या नियमांच्या पलीकडची असली, तर गृहस्थाने काय करावे, याचा निर्णय ग्रंथांत शोधू गेल्यास पुष्कळ वेळ लागतो. तो भुकेला जर आपल्याच पोटचे लेकरू असेल, तर तेवढा वेळही हाती नसतो. अशा वेळी काय घडले, एवढेच येथे सांगायचे आहे. कोणाचा न्याय करावा असा हेतू नाही.

वसंतराव भालकीकर हे हैदराबादेत नल्लकुंट्यात राहणारे, आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. घराणे जुने; आजोबा सरकारी चाकरीत, वडील वकिलीत. त्यांच्या घरात चातुर्मासात कांदा येत नसे, मग अंडे, मासा, मांस यांचे नाव निघण्याचा प्रश्नच नव्हता. एकुलती कन्या मेघना हिने हर्षवर्धनशी विवाह केला. तो मांजरा नदीच्या काठच्या शेतकरी घरातला. त्याच्या वडिलांच्या पिढीत ते कुटुंब हैदराबादेस येऊन नोकरीला लागले, परंतु ताटातला मासा काही गावी सोडून आले नाही. वसंतरावांनी त्या विवाहास हरकत घेतली नाही. "तिचं घर ते तिचं अन्न," एवढेच ते म्हणाले होते. मेघनाही सासरी सासरचे जेवे आणि माहेरी माहेरचे. दोन्ही घरी तिला कधी कुणी आडवे विचारले नाही.

ती आजारी पडली तेव्हा अजून चाळिशीचीही नव्हती. कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. कुकटपल्लीचा त्यांचा फ्लॅट दवाखान्यापासून दूर, म्हणून हर्षवर्धनाने तिला नल्लकुंट्यास आणले आणि स्वतःही तेथेच राहू लागला. मागील अंगणाकडे खिडकी असलेली खोली तिला दिली गेली. उपचार पुष्कळ झाले. मग एके दिवशी डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून सांगितले, "आता पथ्य नको. तिला जे आवडेल ते द्या."

हर्षवर्धन घरी आला तो पायऱ्या चढतानाच ओरडत. "आई, पथ्य सुटलं! काहीही खा म्हणाले!" मेघनाच्या आई सुशीलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. वसंतराव त्याच्याबरोबर दवाखान्यात होते. त्यांनी तेच वाक्य ऐकले होते. ते चपला काढत उभे राहिले, आणि चपला निघाल्यावरही बराच वेळ तेथेच उभे होते.

पथ्य सुटले, पण मेघनाला काही जाईना. शिरा, वरणभात, सार, लापशी, सगळे समोर येई आणि परत जाई. औषधांनी तिच्या जिभेची चव गेली होती. "आई, सगळं लोखंड लागतं ग," ती म्हणे. "पाणीसुद्धा गंजलेलं."

एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी शीगकबाबची गाडी लागली आणि निखाऱ्यांचा धूर भिंतीवरून अंगणात उतरला. सुशीलाबाई खिडकी लावायला उठल्या.

"राहू दे ग, आई."

"अगं, धूर येतोय."

"तोच हवाय." मेघना उशीवर थोडी वर सरकली. तिने डोळे मिटून श्वास घेतला. मग म्हणाली, "हर्ष, मला भूक लागलीय."

किती दिवसांनी तिने हा शब्द उच्चारला होता. हर्षवर्धन ताडकन उठला. "थांब, आत्ता कबाब आणतो. चार आणतो."

"नक्को. कबाब नको. इंदुआईंची मरळ. धुरीची."

इंदुताई म्हणजे हर्षवर्धनाच्या मातोश्री. त्या गावच्या शेतावर असताना नदीची मरळ मीठ लावून चुलीवर टांगत आणि मंद धुरात शिजवीत. मेघनाला लग्नानंतर पहिल्यांदा आवडलेला मासा तो. ती आणि हर्षवर्धन कितीतरी वर्षे घरच्या घरी धुरी देण्याचे यंत्र घ्यायचे म्हणत होती. रविवारी सकाळी फोनवर नवीनवी यंत्रे पाहायची, कोळशाचे घ्यावे की विजेचे यावर भांडायचे आणि शेवटी काहीच न घेता चहा प्यायचा, असा त्या दोघांचा एक खेळच होऊन बसला होता.

हर्षवर्धनाने सासऱ्यांकडे पाहिले आणि नजर खाली घातली. "मी आमच्या फ्लॅटवर करून डब्यात घेऊन येतो, बाबा. इथे नको."

"तिला वास हवा आहे," वसंतराव म्हणाले. "तो डब्यात भरून कसा आणाल? इथेच होईल. कोणतं यंत्र लागतं ते उद्या बघायला जाऊ. मीही येतो."

सुशीलाबाई चादरीची घडी घालत होत्या. त्यांचे हात थांबले. मग त्यांनी ती घडी मोडून पुन्हा पहिल्यापासून घातली.

हिमायतनगरात स्वयंपाकाच्या मोठ्या यंत्रांचे एक दुकान होते. तेथे गौतम नावाचा तरुण विक्रेता पुढे आला. धोतर नेसलेले वसंतराव पाहून त्याने आपल्या परीने अंदाज बांधला.

"आओ नानाजी. स्मोकर देखते? इसमें पनीर भी मस्त होता. भुट्टा भी."

"पनीर को कोई नहीं पूछ रहा, बेटा," वसंतराव शांतपणे म्हणाले. "मछली का बोलो."

गौतमने एकवार हर्षवर्धनाकडे पाहिले आणि मग तो मुकाट्याने माशांचे बोलू लागला.

हर्षवर्धन मात्र थेट दुकानाच्या मागच्या बाजूस गेला होता. तेथे काळ्या लोखंडाचे एक प्रचंड पिंप आडवे ठेवलेले होते. बाजूला लहान पेटी, वर धुरांडे, खाली चाके. त्याने त्याचे झाकण उघडून पाहिले, पुन्हा लावले, पुन्हा उघडले.

"बाबा, हे बघा. आग या बाजूच्या पेटीत, आणि मासा-मटण इकडे. नुसता धूर आत येतो. मेघनाला हेच हवं होतं. मी इलेक्ट्रिक म्हणायचो, तर म्हणायची, बटणाचा धूर मला नको." तो हसला. "यात पंचवीस मासे बसतात एका वेळी. बकऱ्याची अख्खी मांडी बसते. ती बरी झाली की गच्चीवर सगळ्यांना बोलावू. तुम्हाला नाही, तुम्ही खाली बसा. वॉरंटीच पाच वर्षांची आहे."

वसंतरावांनी त्या पिंपाच्या कडेवर हात ठेवला. लोखंड थंड होते. "हे घरी कधी पोचतं?" त्यांनी गौतमला विचारले.

"ये तो डिस्प्ले का है, नानाजी. माल गोदाम से आता. आठ-दस दिन पकड़ लो."

"आणि ते कपाटासारखं?" त्यांनी विजेच्या यंत्राकडे बोट दाखवले.

"वो भी वैसेच."

वसंतराव दुकानातून सावकाश फिरले. खालच्या फळीवर पोलादाचा एक चपटा डबा होता, एखाद्या मोठ्या पोळीच्या डब्याएवढा, वर सरकते झाकण. ते वाकले. "हा काय आहे?"

"ये छोटा वाला. चूल्हे पे रखने का. नीचे लकड़ी के टुकड़े, ऊपर जाली, जाली पे मछली, ढक्कन बंद. धुआँ अंदर का अंदर. थोड़ी देर में काम हो जाता."

"हा कधी मिळेल?"

"अब्बी ले जाओ."

हर्षवर्धन तेथवर आला होता. "बाबा, ते खेळणं आहे. त्यात एकच मासा बसतो."

"एकच लागणार आहे," वसंतराव म्हणाले.

शब्द बाहेर पडल्यावर त्यांचे त्यांनाच ते ऐकू आले. हर्षवर्धन त्यांच्याकडे पाहत राहिला. मग वळला आणि दुकानाचे काचेचे दार ढकलून बाहेर गेला. गौतमच्या हातात डब्याचे झाकण तसेच राहिले.

बाहेर स्कूटरींची रांग लागली होती. हर्षवर्धन एका अनोळखी स्कूटरचा आरसा धरून उभा होता, जणू सोडला तर ती पडेल. वसंतराव त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. रस्त्यावरून बस गेली, मग आणखी एक गेली.

"तुम्ही ऐकलंत ना डॉक्टर काय म्हणाले ते? तुम्ही होतात तिथे. पथ्य सुटलं म्हणाले."

"ऐकलं."

"मग?"

आयुष्यभर विद्यार्थ्यांना अवघड वाक्यांचा अन्वय लावून दाखवणाऱ्या त्या वृद्धाला या एका वाक्याचा अन्वय लावणे जड गेले. "हर्षवर्धनराव," ते म्हणाले, "पथ्य दोन वेळा सुटतं."

हर्षवर्धनाने आरसा सोडला. त्याने दोन्ही तळहातांनी तोंड झाकले. येणारेजाणारे वळसा घालून जात होते.

"मला माहीत होतं," तो हातांआडून म्हणाला. "मला सगळं माहीत होतं, बाबा. पण तुम्ही बोलायला नको होतं. तुम्ही बाप आहात ना तिचे?"

"म्हणूनच बोललो. तिला आज भूक आहे. आठ-दहा दिवसांनी..."  वसंतरावांनी उपरण्याचे टोक जावयाच्या हातात दिले. त्याने तोंड पुसले, नाक पुसले, आणि मग आपण कशाने पुसले हे ध्यानात येऊन ओशाळला.

"असू द्या," वसंतराव म्हणाले.

दोघे आत गेले. "भैया, वो छोटा वाला पैक करो," हर्षवर्धनाने सांगितले. त्या मोठ्या पिंपाकडे त्याने वळून पाहिले नाही.

गौतमने खोके बांधता बांधता विचारले, "लकड़ी के टुकड़े भी लगते. सेब का है, चेरी का है. देऊँ?"

"नको," वसंतराव म्हणाले. "आंब्याचं लाकूड घरी आहे. वाळलेलं, स्वच्छ."

"आम का तो एकदम बढ़िया, नानाजी."

वसंतरावांना त्या प्रशंसेने किंचित बरे वाटले. पेटणार तो विस्तव आपल्या घरचा. त्यात पडणारे लाकूड तरी शुद्ध असावे, असे त्यांच्या मनात होते. घरात आंब्याचे लाकूड कोठून आले, हे हर्षवर्धनाने विचारले नाही. त्याला त्या वेळी काहीच विचारायचे नव्हते.

घरी सुशीलाबाई दारातच वाट पाहत होत्या. त्यांनी खोक्याकडे पाहिले आणि न विचारताच निर्णय दिला.

"माझ्या स्वयंपाकघरात नाही हं. मागे अंगणात, मोरीपाशी. दिवाळीचा तो छोटा गॅस काढून ठेवलाय. सुरी वेगळी, पाट वेगळा, ताट वेगळं. आणि तुळस मी हलवलीय, ती कुणी परत तिथे आणू नका."

"आई, मी सगळं धुऊन ठेवीन," हर्षवर्धन म्हणाला.

"तुम्ही काय धुणार, तोंड बघा कसं झालंय. आधी चहा घ्या."

रामनगरच्या बाजारातून त्याने मरळ साफ करून आणली. इतक्यात, हर्षवर्धनाने कळवल्यावरून, इंदुताईंचा गावाहून फोन आला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्या अंथरुणावर होत्या, त्यांना येणे शक्य नव्हते. वसंतरावांनीच फोन घेतला.

"शास्त्रीबुवा, तुमच्या घरात मरळ? म्या पडून हाय म्हणून थट्टा लावलीय व्हय?"

"थट्टा नाही, विहीणबाई. मीठ किती लावायचं ते सांगा."

 मग इंदुताईंचा आवाज कामाला लागल्यासारखा झाला. "मूठभर मीठ, अन् हळद लई नगं. फडक्यात गुंडाळून ठिवा घटकाभर, पाणी सुटंल ते पुसून घ्या. लाकूड चिंचंचं घ्या. चिंचंचा धूर जरा आंबूस लागतो, पोरीला त्योच आवडतो."

"आंब्याचं चालेल?"

"चालंल की." त्या थांबल्या. "खाईल का ओ ती?"

"खाईल."

"भरवा. माझ्या हातचं हाय म्हणून सांगा. खोटं बोललं तरी चालंल."

देवघराच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. त्यात होमासाठी आणलेल्या आंब्याच्या समिधा होत्या. वसंतरावांनी त्यातील जाडसर समिधा निवडल्या, आणि दुसरे काही हाताशी नसल्याने सुपारीच्या अडकित्त्याने त्यांचे तुकडे केले. त्या डब्याच्या तळाशी कित्येक वर्षांची गुग्गुळाची आणि धुपाची पूड साचलेली होती, ती तुकड्यांना चिकटून आली. हे त्यांच्या लक्षात आले नाही. आले असते तरी त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटले नसते. आयुष्यभर त्या घरात लाकूड एवढ्याच कामासाठी पेटले होते.

मोरीपाशी गॅस लावला. डब्याच्या तळाशी तुकडे पसरले, वर जाळी, जाळीवर मरळ. हर्षवर्धनाने झाकण सरकवले आणि मेघनाच्या खिडकीकडे बोटभर फट ठेवली. सुशीलाबाई नाकाला पदर लावून पायरीवर बसल्या. बसायचे नाही असे त्यांनी सकाळपासून तीनदा सांगितले होते.

फटीतून पहिला धूर निघाला तो पांढरा, दाट, आणि सगळ्या अंगणात एखाद्या मंदिरातल्या सकाळसारखा वास पसरला.

हर्षवर्धन हुंगत राहिला. "बाबा, हे लाकूड कुठलं?"

"समिधा."

"समिधा?"

"आंब्याच्या आहेत. शुद्ध आहेत."

भिंतीपलीकडून शेजारच्या तेलुगू बाईंनी डोके वर काढले. "मास्टारुगारू, आज होम का?"

सुशीलाबाई पदर तसाच धरून म्हणाल्या, "हो हो. लहानसाच," आणि पदर आणखी वर ओढून घेतला. त्यांचे खांदे हलू लागले. हसताहेत की रडताहेत ते कळत नव्हते.

खोलीतून मेघनाचा आवाज आला. "आई ग, कुणी गेलं का? सांगा तरी. मी तर नाही ना गेले?"

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या!" सुशीलाबाई ओरडल्या आणि डोळे पुसत आत धावल्या.

हर्षवर्धनाने ताट नेले. मरळ सोनेरी झाली होती, वरची कातडी तकतकत होती. मेघनाने ती नाकापाशी नेली, हुंगली, पुन्हा हुंगली आणि मग दारात उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिले. वसंतरावांनी हात पाठीमागे घेतले होते.

"बाबा," ती म्हणाली, "याची मुंज लावलीत तुम्ही?"

आणि ती हसली. कित्येक दिवसांत तिच्या छातीतून असे हसू निघाले नव्हते. ते तिला पेलेना, खोकला आला, हर्षवर्धनाने तिला धरले आणि तोही हसू लागला. "जानवं आत आहे का बघ," ती म्हणत होती. "आई, भिक्षावळ घाल ग त्याला." वसंतराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. अपराध काय घडला ते त्यांना आता कळले होते. पण मुलगी हसत होती, आणि तेवढ्यापुरते त्यांना दुसरे काही कळून घ्यायचे नव्हते.

हर्षवर्धनाने लहानसा घास तिच्या तोंडात ठेवला. तिने तो बराच वेळ चावला, गिळला.

"काय लागतं?" त्याने विचारले.

"देवघर लागतं." ती थांबली. "लोखंड नाही लागत, हर्ष. दे अजून."

तिने चार-पाच घास खाल्ले. सुशीलाबाई प्रत्येक घासागणिक स्वतःचे तोंड उघडत होत्या. इंदुताईंच्या हातचे आहे म्हणून सांगायचे राहून गेले होते. ते वसंतरावांनी आता सांगितले. मेघनाने हसून मान हलवली. "इंदुआई मला गुग्गुळ खाऊ घालणार नाहीत. उद्या चिंचेचं आण, हर्ष. आणि शास्त्रीबुवांना लाकडाला हात लावू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी हर्षवर्धन सकाळीच गौलीगुड्याकडच्या एका लाकडाच्या वखारीत गेला आणि चिंचेच्या वाळक्या ढलप्या घेऊन आला. येताना ताजी मरळही आणली. मीठ, हळद, फडके. सगळे इंदुताईंनी सांगितल्याप्रमाणे. परंतु त्या सकाळपासून मेघनाचे डोळे जड झाले होते. डोळ्यांतला पिवळा रंग गडद झाला होता. हाक मारली की ती "हं" म्हणे आणि पुन्हा खोल उतरून जाई. डॉक्टर घरी येऊन गेले. बाहेर जाताना ते वसंतरावांशी बोलले नाहीत, फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

"मग मरळ करू का?" हर्षवर्धनाने विचारले. तो अंगणात ढलप्या हातात घेऊन उभा होता. ज्या स्वरात त्याने विचारले, त्या स्वरात लहान मुले आज शाळेला सुटी आहे का, असे विचारतात.

"करा," सुशीलाबाईच म्हणाल्या. "तिनं सांगितलंय."

संध्याकाळ होता होता चिंचेचा धूर खिडकीतून आत गेला. त्याला किंचित आंबूस, मातीसारखा वास होता. मेघनाच्या नाकपुड्या हलल्या. तिने डोळे उघडले.

"आली," ती म्हणाली. "इंदुआई आली."

मरळ उत्तम झाली होती. हर्षवर्धनाने बोटांनी अगदी मऊ भाग काढून तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड उघडले. घास जिभेवर राहिला. तिने प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी आले, गळा हलला आणि थांबला. हर्षवर्धन वाट पाहत राहिला. मग त्याने बोट घालून तो घास हळूच बाहेर काढला आणि तिचे ओठ पुसले.

"नाही जात रे."

"राहू दे. राहू दे ग."

"तू खा."

"मला भूक नाही."

"मला आहे," मेघना म्हणाली. "तू खा. मी बघते."

हर्षवर्धन पलंगाजवळ जमिनीवर बसला. ताट पुढ्यात ठेवले. त्याचा हात ताटापर्यंत गेला आणि तेथेच पडून राहिला. कालपासून त्याच्या पोटात चहावाचून काही नव्हते. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पण हात उचलेना.

त्या घरात जावई जेवायला बसला की त्याला वाढण्याचा मान सासऱ्याचा असे. बायकांनी कितीही केले तरी पहिली वाढ आणि शेवटचा आग्रह वसंतराव स्वतः उभे राहून करीत. ही त्यांच्या वडिलांपासून आलेली पद्धत होती. वसंतराव अंगणात गेले. त्यांनी मोरीवर हात धुतले, चिमट्याने झाकण सरकवले आणि उरलेली मरळ जाळीवरून उलथन्याने उचलली. अर्धा मासा ताटलीत मोडला तो त्यांनी बोटांनी सावरून घेतला. त्यांच्या बोटांना त्या गरम मांसाचा स्पर्श आयुष्यात प्रथमच होत होता. ते आत आले आणि जावयासमोर वाकले.

"घ्या," ते म्हणाले, आणि एक तुकडा त्याच्या ताटात ठेवला.

हर्षवर्धनाने वर पाहिले. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने घास उचलला.

मेघना कुशीवर वळली होती. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तो चावू लागला तेव्हा तिचा जबडाही अगदी सावकाश हलू लागला, जणू तो घास तिच्याही तोंडात होता.

"चिंच?" तिने विचारले.

"हो. चिंच."

"आंबूस आहे?"

"आहे. बरोबर आईसारखी."

"घ्या, आणखी एक घ्या," वसंतराव म्हणाले. आग्रहाचे शब्द तेच होते, सणाच्या पंगतीतले. "असं कसं? एक तरी घ्या. तिच्यासाठी घ्या."

हर्षवर्धन खात गेला. रडत होता आणि खात होता. वसंतराव त्याच्यापुढे वाकून वाढत होते. सुशीलाबाई मेघनाच्या केसांवरून हात फिरवीत होत्या. ताट रिकामे झाले तेव्हा मेघनाने एक दीर्घ श्वास घेतला, पोटभर जेवलेल्या माणसासारखा, आणि डोळे मिटले.

पुढे तिने एक-दोनदा डोळे उघडले, हर्षवर्धनाचे नाव घेतले, पण अन्न मागितले नाही. आठवडा पुरा होण्याच्या आतच ती गेली.

हर्षवर्धनाच्या ताटात नित्य अन्न असो, आणि ते त्याच्या गळ्याखाली उतरो. दूर गावी अंथरुणावर पडून जिने चव धाडली तिला पुन्हा उभे राहून चूल पेटवता येवो. सुशीलाबाईंच्या हातांना काही काम मिळत राहो. वसंतरावांना, त्यांनी जे वाढले त्याबद्दल, कोणी कधी काही न विचारो. त्यांचे मन निवांत राहो. आणि जी गेली तिला, जेथे असेल तेथे, कोणीतरी आपले माणूस वेळेवर जेवायला हाक मारो.